माहेरघरातली मावशी

"मावशी, तो फडका पुन्हा एकदा झटका ना. तसाच, उजेडात धरून."

मी गुडघ्यांवर बसलो होतो. एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्याला चिकटलेला. समोरच्या उंच खिडकीतून सकाळचं ऊन तिरपं आत आलं होतं आणि त्या उन्हात एक बाई मोठं चौकोनी कापड झटकत होती. धुळीचा असा काही लोट उठला होता की मला दुसरं काही दिसेचना.

बाईनं माझ्याकडे पाहिलं. चाळिशीची असेल. सावळी, अंगानं काटक, साधी सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पाय अनवाणी. चपला तर मीही दाराबाहेरच काढून आलो होतो, तिथला नियमच तसा होता. पण माझे अनवाणी पाय माझ्या लक्षात आले नाहीत, तिचे आले.

"हा फडका नाही," ती म्हणाली. "रुमाल आहे."

"रुमाल तर रुमाल. झटका तेवढा."

ती किंचित हसली. हातातलं कापड तिनं घडी करून बाजूला ठेवलं, मांडणीवरून दुसरं एक गाठोडं काढलं, त्याची गाठ सोडली, आतला गठ्ठा बाजूला ठेवला आणि ते कापड खिडकीशी नेऊन झटकलं. मी पटापट सात-आठ फोटो काढले. "थँक्यू हं मावशी," असं म्हणून चपला घातल्या आणि बाहेर पडलो. आत आणखी कोण बसलं होतं, ती गाठोडी कसली होती, काही विचारलं नाही. ऑफिसला उशीर होत होता.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या डिसेंबरची. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, विमा कचेरीत कारकून होतो आणि स्वतःला छायाचित्रकार समजत होतो. आमचं 'छायाव्रती' नावाचं मंडळ होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमायचं, एकमेकांच्या फोटोंना नावं ठेवायची आणि मिसळ खायची, हे त्याचं मुख्य कार्य. मंडळाचे अध्यक्ष परचुरे. त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता आणि त्यांच्या मते पुण्यात कॅमेरा धरता येणारी दोनच माणसं होती. दुसरा कोण हे ते सांगत नसत.

त्या वर्षीच्या स्पर्धेचा विषय परचुऱ्यांनीच काढला होता: 'माहेरघराची मागची बाजू'. पुणं म्हणजे विद्येचं माहेरघर. तर त्या माहेरघराच्या दर्शनी बाजूचे, म्हणजे कॉलेजांच्या दगडी कमानींचे आणि पुतळ्यांचे फोटो पुष्कळ झाले. हे माहेरघर रोज चालतं कुणाच्या जिवावर, ते दाखवा. कुणी खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या बायका टिपल्या, कुणी वसतिगृहाबाहेरचा सायकलवाला, कुणी कॉलेजच्या फाटकाशी स्टुलावर बसून प्रबंध टाइप करणारा म्हातारा. मला ज्ञानवर्धिनी संशोधन मंदिर सुचलं. बाहेरून सगळे पाहतात, आत कुणी जात नाही. ग्रंथपालांनी "वाचकांना त्रास नको" एवढ्या अटीवर अर्धा तास दिला होता.

स्पर्धेत दहापैकी सात गुण फोटोला आणि तीन शीर्षकाला होते. फोटो धुऊन झाल्यावर मी शीर्षकासाठी दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग कागदाच्या पट्टीवर रेघा मारून, काळ्या शाईनं सुंदर अक्षरांत लिहिलं: 'माहेरघरातली मावशी'.

परचुऱ्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "लेले," ते म्हणाले, "तुमच्याकडून एवढी अपेक्षा नव्हती." त्यांच्या तोंडून ही फारच मोठी दाद होती. मी घरी जाताना पाव किलो पेढे घेतले.

एका शाळेच्या सभागृहात प्रदर्शन भरलं आणि त्याची जाहिरात ज्ञानवर्धिनीच्या फळ्यावरही लागली. शनिवारी सुरू झालं, ते पुढच्या रविवारपर्यंत, नऊ दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या फोटोच्या आसपास घोटाळत होतो. लोक काय बोलतात ते ऐकू यावं, पण आपण ऐकतोय हे कळू नये, अशा अंतरावर. तेवढ्यात ती दारातून आत आली. खांद्याला शबनम, हातात छत्री. मी तिला लांबूनच ओळखलं आणि मला खरोखर आनंद झाला.

"अरे, मावशी! या, या!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "बघा तरी, तुम्ही किती छान आलात!"

चार-पाच माणसं वळून बघू लागली. एक आजोबा तिला म्हणाले, "ह्याच का त्या? वा! तुमच्यामुळे बरं का बाई, आमची पुस्तकं टिकून आहेत."

ती पुढे झाली. फोटोसमोर उभी राहिली. पुष्कळ वेळ. मग खालची पट्टी वाचली, आणि पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"फोटो चांगला आहे," ती म्हणाली. "जरा बाजूला येता का?"

आम्ही खिडकीशी गेलो. तिनं शबनममधून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. ज्ञानवर्धिनीचं वाचक-कार्ड. त्यावर लिहिलं होतं: कौसल्या आबाजी वाघमारे, एम. ए., बी. एड., संशोधक. विषय: पेशवाईतील वेठबिगार.

मी ते दोनदा वाचलं. वाचून झाल्यावरही वाचतोय असं दाखवत राहिलो, कारण मान वर करायची माझी छाती नव्हती.

"मोडी कागद ज्या कापडात बांधून ठेवतात ना, त्याला रुमाल म्हणतात," ती शांतपणे सांगू लागली. शाळेत शिकवताना सांगतात तसं. "एकेका रुमालात हजार-हजार कागद. सोडला की आधी झटकावा लागतो, नाहीतर शिंकून जीव जातो. मी तुम्हाला म्हणाले होते, रुमाल आहे. मला वाटलं, इथं कॅमेरा घेऊन आलेला माणूस, पुण्याचा, त्याला ठाऊक असणार."

"सॉरी," मी म्हणालो. "मला वाटलं..."

"काय वाटलं ते लिहिलंयच की खाली."

"पण मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? मी मावशी म्हणालो तेव्हा?"

"वयानं मोठी दिसले म्हणून म्हणालात असं वाटलं. मावशी काय वाईट शब्द आहे?"

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला तो बसला, पण शहाणपण काही आलं नाही. मी घाईघाईनं म्हणालो, "फोटो काढून टाकतो. आत्ता काढतो."

"काढू नका हो. चांगला आलाय." ती आता मोकळेपणानं हसली. "माझा एकटीचा फोटो म्हणाल तर शाळेच्या सर्व्हिस बुकावरचा तेवढा. हा राहू द्या. फक्त खाली माझं नाव लिहा. मी परंड्याजवळच्या गावात शिक्षिका आहे. दोन वर्षांची रजा काढून आलेय, अर्धपगारी. घरी धाकटी बहीण स्वयंपाक करते, वडील भाकरी खातात आणि विचारतात, कौशी पुण्यात नक्की करती काय? जुने कागद वाचती, हे त्यांना पटत नाही. हा फोटो बघितला की पटेल."

"ते येणार आहेत?"

"बोलवते. पुढच्या रविवारपर्यंत आहे ना प्रदर्शन? उद्याच पत्र टाकते, की इथं फोटो लागलाय आणि खाली नाव आहे. त्यांना वाचता येतं. पंचेचाळिसाव्या वर्षी शिकले रात्रीच्या वर्गात. आता दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचतात, एसटीत शेजारी बसायची सोय नाही."

मी म्हणालो, "उद्याच्या उद्या बदलतो. शब्द देतो."

जाताना ती थांबली. "एक सांगू? रागानं नाही सांगत. मला परवा एक कागद सापडला. किल्ल्याच्या कामावर वेठीला धरलेल्या माणसांची यादी. येसनाक, रायनाक, सिदनाक. बावीस जण, सगळे आमच्याच भागातले. मजुरी काही नाही, पण नावं लिहिलीत. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनानं नावं विचारली होती त्यांची."

एवढं बोलून ती छत्री उचलून गेली. मीही कारकूनच होतो.

त्या रात्री मी नवी पट्टी लिहायला बसलो. खोटं कशाला सांगू, मला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणजे आपण चांगले आहोत असं एक समाधानही वाटत होतं. ती बाई झाडूवाली आहे हे मी कशावरून ठरवलं? कापडावरून, असं मी मनाला सांगत होतो. पण ते खरं नव्हतं. तेच कापड एखाद्या गोऱ्या, चष्मेवाल्या बाईच्या हातात असतं तर मी आधी विचारलं असतं, मॅडम, हे काय आहे? तिचं आडनाव मला ठाऊक नव्हतं, तरी ते कोणत्या प्रकारचं असणार हे मी धरून चाललो होतो. आणि आमच्या घरात आम्ही असलं काही मानत नाही, असं माझी आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

'कौसल्या वाघमारे, मोडी कागदपत्रांच्या अभ्यासक.' पट्टी छान झाली. सोमवारी ऑफिसात वर्षअखेरीचं काम होतं, जाणं झालं नाही. मंगळवारीही तेच. बुधवारी संध्याकाळी पट्टी खिशात घालून सभागृहात पोचलो तर परचुरे दारातच उभे. त्यांनी मला चक्क मिठी मारली.

"पहिलं! लेले, पहिलं! दहापैकी साडेनऊ! शीर्षकाला तीनपैकी तीन. परीक्षक काय म्हणाले माहितीय? म्हणाले, सबंध स्पर्धेचा विषय ह्या दोन शब्दांत आलाय."

मी खिशातली पट्टी काढली आणि त्यांना सगळं सांगितलं. परचुऱ्यांनी पट्टी हातात घेऊन लांब धरली, जवळ धरली.

"अक्षर चांगलंय," ते म्हणाले. "पण हे आत्ता नाही लावायचं."

"अहो, पण त्या झाडूवाल्या नाहीत. संशोधक आहेत."

"मग हा फोटो विषयातच बसत नाही! संशोधन मंदिरात संशोधक असणारच, त्यात मागची बाजू कुठली आली? उद्या दुसऱ्या नंबरवाला माझ्या नावानं बोंब मारेल. निकाल पेपरात गेलाय. रविवारी बक्षीस समारंभ होऊ दे, मग सोमवारी काय लावायचं ते लाव. लग्न लागण्याआधी नवरीचं नाव बदलतात का कधी?"

"सोमवारी प्रदर्शन नसतं."

"तेच तर म्हणतोय," परचुरे म्हणाले.

परचुऱ्यांवर ढकलण्यात अर्थ नाही. ते बिचारे मंडळ सांभाळत होते. पट्टी माझ्या हातात होती, फोटो माझा होता, आणि एक टाचणी काढून दुसरी लावायला पाच सेकंद लागतात. मला त्यांची परवानगी नको होती, मला कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं. ते म्हणाले आणि मी पट्टी परत खिशात टाकली. बक्षीस त्या बाईच्या फोटोला नव्हतं, फडक्याला होतं, हे मला त्यांच्याइतकंच कळत होतं.

मग मी स्वतःशी हिशेब मांडले. पत्र पोचायला चार दिवस लागतात, वडील कशाचे येतात? आलेच तर सकाळी येतील, समारंभ संध्याकाळी आहे, सकाळपुरती नवी पट्टी लावू. ज्ञानवर्धिनी माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर होती. तिथं जाऊन तिला खरं सांगून टाकणं हा एक उपाय होता. तेवढा सोडून बाकी सगळे मी शोधले.

रविवारी सकाळी मी नवी पट्टी लावली. दुपारी तीनपर्यंत कुणी आलं नाही. साडेतीनला ती काढून मी जुनी लावली, तेव्हा माझे हात चोरासारखे चालले होते. पाचला समारंभ सुरू झाला. अध्यक्षस्थानी एक निवृत्त प्राचार्य होते. ते बोलायला उठले आणि म्हणाले, "ह्या तरुणानं एका झाडलोट करणाऱ्या बाईला 'मावशी' म्हटलं. झाडूवाली म्हटलं नाही, मोलकरीण म्हटलं नाही. हे संस्कार आहेत." टाळ्या झाल्या. आई पहिल्या रांगेत होती, तिनं डोळ्यांना पदर लावला. मी करंडक घेतला, वाकून नमस्कार केला, आणि मान वर केली तेव्हा मागच्या दारातून कौसल्याबाई आत येत होत्या. बरोबर पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा आणि वर कोट घातलेले एक उंच म्हातारे गृहस्थ होते. एसटी बार्शीला बंद पडली होती, हे मला नंतर कळलं.

चहा सुरू झाला. मला माणसांनी घेरलं होतं. त्यांच्या डोक्यांवरून मला दिसत होतं, ती वडिलांचा हात धरून त्यांना फोटोकडे नेत होती. चेहरा फुलला होता तिचा. मग तिनं खाली पाहिलं.

मी गर्दीतून वाट काढत तिथं पोचलो. काय करणार होतो मला माहीत नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती. वडिलांच्या कोपराला धरून हळूच म्हणत होती, "चला आबा, झालं बघून. उशीर झालाय."

"थांब की गं. वाचू तर दे." म्हाताऱ्यांनी कोटाच्या खिशातून चष्मा काढला, पुढे वाकले आणि पट्टीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले. "मा... हे... र... घ... रा... माहेरघरातली." आसपासचे लोक कौतुकानं गप्प झाले. "मा... व... शी. मावशी."

ते सरळ उभे राहिले. पट्टीच्या आजूबाजूला आणखी काही लिहिलंय का ते त्यांनी पाहिलं.

"नाव न्हाई व्हय गं?"

मी तोंड उघडलं. खिशात पट्टी होती. सगळी माणसं बघत होती, आई करंडक हातात घेऊन शेजारीच उभी होती, प्राचार्य चहा पीत दोन पावलांवर होते. मी तोंड मिटलं.

"हेच नाव आहे आबा," कौसल्याबाई म्हणाल्या. "इथं सगळे मला मावशी म्हणतात."

म्हाताऱ्यांनी लेकीकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग भोवतीच्या आम्हा सगळ्यांकडे. त्यांचे डोळे भरून आले.

"ह्या पुण्यात," ते म्हणाले, "आपल्या वाडवडलांची सावली पडू देत नव्हते म्हनं रस्त्यावर. आन् हितं तुला मावशी म्हनत्यात! आईची भन! माहेरच झालं की गं हे तुजं." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "कुनी काडला फोटू?"

ती आता माझ्याकडे वळली. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त मला गप्प राहायला सांगत होती.

"ह्यांनी," ती म्हणाली. "पहिलं बक्षीस मिळालंय त्यांना."

"मिळनारच! मानसाला आपलं मानल्यावर न्हाई तर कुनाला मिळंल?" म्हाताऱ्यांनी काखेतली छत्री लेकीकडे दिली आणि माझ्यापुढे दोन्ही हात जोडले. "जय भीम, सायेब. लई मोठं मन हाय तुमचं."

सगळे माझ्याकडे बघत होते. तीही.

मी म्हणालो, "थँक्यू."